न मागणारं बाळ : गिरणगावातल्या एका घरभेटीचं प्रकरण

एका धर्मादाय संस्थेच्या नवजात घरभेट सेवेत मी परिचारिकांची पर्यवेक्षक आहे. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवस आमच्या सिस्टर घरी जाऊन आई-बाळाला बघतात. पुढचं प्रकरण याच सेवेतलं आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम टाळली आहेत. वजनं, वेळा आणि निर्णयांचा क्रम मात्र नोंदवहीत आहे तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

बाळंतीण पंचवीस वर्षांची, पहिलटकरीण. सासर लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. घरात सासू, सासरे आणि नवरा. थोरले दीर-जाऊ त्याच मजल्यावर दोन खोल्या सोडून राहतात. माहेर कणकवलीच्या बाजूला.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, पण सातव्या महिन्यात रक्तदाब थोडा चढलेला दिसला आणि गावी पाठवायला नको असं ठरलं. त्यातच चाळीच्या जिन्याची दुरुस्ती निघाली. रोज तीन मजले चढ-उतार नको म्हणून ती भांडुपला मावशीकडे राहायला गेली. नाव नोंदवलेलं लालबागच्या हेल्थ पोस्टमध्ये, म्हणजे पालिकेच्या आरोग्य केंद्रात, शेवटच्या तपासण्या भांडुपला, बाळंतपणही तिथल्याच एका खाजगी नर्सिंग होममध्ये, आणि बाळाला घेऊन परत यायचं लालबागला. मुंबईत असं सर्रास होतं. बाईचं कार्ड एका वॉर्डात आणि बाई दुसऱ्या वॉर्डात. बाळ जन्मल्याची खबर ज्या आरोग्य सेविकेला सगळ्यात आधी कळायला हवी, तिला ती शेवटी कळते.

मुलगी छत्तीसाव्या आठवड्यात जन्मली. बाळंतपण नैसर्गिक, रडणं लगेच, वजन २,४५० ग्रॅम. बीसीजी, पोलिओचा जन्मावेळचा डोस, कावीळ-बी आणि व्हिटॅमिन-के दिल्याची नोंद कार्डावर होती. घरी सोडतानाचं वजन नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं आणि सांगितलं, 'बाळ मागेल तेव्हा पाजा, दुसरं काही देऊ नका.'

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ही सूचना अगदी बरोबर आहे. या बाळाच्या बाबतीत सगळं प्रकरण तिच्यापासूनच सुरू झालं. सदतीस आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखं असलं तरी चोखायची ताकद आणि भुकेने जागं व्हायची सवय त्याच्यात अजून पुरती आलेली नसते. ते दमतं, झोपतं आणि मागतच नाही. २,४५० हा आकडाही फसवा ठरला. अडीच किलोच्या इतक्या जवळ असल्यामुळे बाळ कमी दिवसांचं आहे हे घरातल्या कुणाच्याच डोक्यात राहिलं नाही.

घरभेटींचा आधार काय, तेही इथेच सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथलं नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. २०११ पासून देशभर आशा ताई याच धर्तीवर घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आमचं वेळापत्रकही तेच आहे. त्यातली तिसऱ्या दिवसाची भेट शहरात सर्वांत जास्त चुकते, कारण त्या दिवशी बाळंतीण नर्सिंग होमच्या दारात टॅक्सीची वाट बघत असते.

या घरातही ती चुकली. आरोग्य सेविकेला खबर लागली ती शेजारच्या चाळीत बर्फी वाटली गेली तेव्हा. बर्फी म्हणजे मुलगी झाली, मग कुणाकडे, कधी, असं विचारत तिने आम्हाला फोन केला. तो बाळाचा चौथा दिवस होता. सिस्टर पाचव्या दिवशी सकाळी अकराला पोचली.

पाचवीची सकाळ

दारातच सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, आज पाचवी आहे. पाहुणे यायचेत, पाटा-वरवंटा मांडायचाय. तुम्ही उद्या या ना. बाळ छान आहे. इतकी गुणाची आहे छकुली, रडणं नाही की काही नाही."

पहिला निर्णय इथे घ्यावा लागला. घरच्यांना नको असताना घुसायचं नाही, हा आमचा नियम आहे आणि मला तो मान्य आहे. एकदा नाराजीने दार उघडलं गेलं की पुढच्या सगळ्या भेटी वाया जातात. शिवाय पाचवी-सहावीच्या पूजेला या घरांत फार मोल आहे. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते, त्या रात्री बाळाला एकटं सोडत नाहीत, बायका जागरण करतात. अशा दिवशी परक्या बाईने वजनकाटा घेऊन आत येणं कुणालाही खटकेल.

तरीही सिस्टर परत फिरली नाही. 'रडणं नाही' हे शब्द तिला पुरेसे होते. तिने फक्त वजन करू देण्याची विनंती केली. "आजी, काटा लावते नि निघते. पूजेला बाळाचं वजन किती ते सगळ्यांना सांगता येईल तुम्हाला." सासूबाईंनी बाजूला होऊन वाट दिली.

खोलीत अंधार होता. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराला पडदा, वर ट्यूबलाइट. मे महिना. बाळ टोपडं, झबलं आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेलं. बाळंतीण खाटेवर, पायथ्याशी तिची आई बसलेली. ती दोन दिवसांपूर्वीच कोकणातून आली होती.

सिस्टरने विचारलं, "पिते का नीट?"

"पिते की," सासूबाई म्हणाल्या.

"किती वेळाने?"

"मागेल तेव्हा."

झोळीच्या काट्यावर वजन भरलं २,२२० ग्रॅम. जन्मवजनापेक्षा २३० ग्रॅम कमी, म्हणजे साधारण ९.४ टक्के. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. सात टक्क्यांपर्यंत आम्ही नोंद करून पुढे जातो, त्यावर गेलं की थांबून बघतो, दहा टक्क्यांवर डॉक्टर. हे बाळ मधल्या पट्टीच्या वरच्या टोकाला होतं.

वजनासाठी कपडे काढले तेव्हा डायपर हाती आला. पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री घातलेला. बारा तासांनंतर तो जेमतेम ओलसर होता आणि त्यावर विटकरी रंगाचा डाग होता. शी अजून हिरवट-काळी. पाचव्या दिवसापर्यंत शी पिवळी व्हायला हवी आणि दिवसाला सहा तरी लंगोट भिजायला हवेत. लंगोट असते तर किती भिजले हे धुणाऱ्या बाईला आपसूक कळलं असतं. डायपरमध्ये ते झाकून गेलं.

मग सिस्टरने एक अख्खं पाजणं बसून पाहिलं. माझ्या मते या सगळ्या भेटीत सर्वांत मोलाचं काम हेच होतं. 'पिते का' या प्रश्नाला कुठल्याही घरात 'हो' असंच उत्तर येतं, आणि सांगणारा खोटंही बोलत नसतो. बाळ छातीला लावलेलं असतं, तोंड हलताना दिसतं. आत दूध जातंय का, हे मात्र जवळ बसून ऐकावं लागतं. तळव्यांना चोळून, ओल्या बोटाने गाल पुसून बाळाला जागं केलं. त्याने चार-पाचदा ओढलं आणि डोळे मिटले. गिळल्याचा आवाज एकदाच आला. पुन्हा जागं केलं, पुन्हा तेच. आईची छाती भरून दगडासारखी झाली होती, गाऊन भिजलेला होता. म्हणजे दूध भरपूर उतरलं होतं, ते बाळापर्यंत पोचत नव्हतं. दूध वाहताना दिसतंय म्हणून घरच्यांची खात्री झाली होती की बाळ पोटभर पितंय.

शेवटी सिस्टर बाळाला घेऊन गॅलरीत, उजेडात आली. ट्यूबलाइटखाली कावीळ ओळखू येत नाही. सावळ्या अंगावर तर मुळीच नाही. दिवसाच्या उजेडात बोटाने हलकं दाबून सोडलं की खालचा रंग कळतो. चेहरा, छाती, पोट पिवळं, मांड्याही पिवळ्या. तळवे अजून नव्हते. श्वास मिनिटाला ४८, ताप नाही, छाती आत ओढली जात नव्हती.

काय करता आलं असतं

सिस्टरने गॅलरीतूनच सासूबाईंना परिस्थिती सांगितली आणि बोलणं सुरू झालं. पर्याय बरेच होते आणि प्रत्येकाच्या बाजूने कुणी ना कुणी उभं होतं.

थोरल्या जावेचं म्हणणं, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवलं की कावीळ उतरते, तिच्या मुलाची तशीच उतरली होती. उतरली असेल, कारण बहुतेक बाळांची साधी कावीळ आपोआप उतरते. काविळीचा उपचार म्हणून उन्हावर विसंबता येत नाही, आणि मुंबईच्या मे महिन्यात आधीच कोरड्या पडत चाललेल्या बाळाला उन्हात ठेवणं धोक्याचं.

शेजारणीने डब्याच्या दुधाचं सुचवलं. डबा घरात आणलेलाही होता. आमच्या सेवेत डब्याच्या दुधाला आंधळा विरोध नाही. बाळ उपाशी राहण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने ते देणं केव्हाही बरं. आईचं दूध अपुरं असलं तर दुग्धपेढीची सोयही मुंबईत आहे. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातच सुरू झाली. पण इथे आईकडे दूध मुबलक होतं. बाटलीची सवय लावण्याआधी तेच काढून पाजायला हवं होतं.

तिसरा पर्याय सिस्टरच्या स्वतःच्या मनात घोळत होता : दूध हाताने काढून दर दोन तासांनी पाजायला शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करायचं. वजन दहा टक्क्यांच्या आत, ताप नाही, श्वास ठीक. पूर्ण दिवसांच्या, जाग्या बाळासाठी आम्ही हेच करतो, आणि ते पुरतंही.

चौथा पर्याय, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेऊन रक्त तपासणं. त्याच्या आड पाचवी होती, सोयर होतं, बारा दिवस बाळ-बाळंतीण उंबरठा ओलांडत नाहीत ही रीत होती, आणि ऊन होतं.

आधी भूक भागवायची असं सिस्टरने ठरवलं. आईला हाताने दूध काढायला शिकवलं. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दहाएक मिनिटांत पंचवीस मिलिलिटरच्या आसपास निघालं. पाजायला चमचा शोधत होते तेवढ्यात बाळंतिणीची आई उठली आणि स्वतःच्या पिशवीतून कापडात गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी, काढलं. बारशाला द्यायचं म्हणून आणलेलं. ते उकळून घेतलं आणि त्यातून थेंब थेंब दूध बाळाच्या गालाच्या आत सोडलं. बाळ गिळत होतं. पंचवीसपैकी वीस तरी पोटात गेलं असेल.

निर्णय

चाळीत नेटवर्क नव्हतं. बालरोगतज्ज्ञांना फोन करायला सिस्टर खाली उतरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : छत्तीस आठवडे, सुस्ती, मांड्यांपर्यंत कावीळ, म्हणजे बिलिरुबिन, रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, आजच बघायला हवं. कमी दिवसांच्या बाळाचं यकृत कच्चं असतं. त्यात दूध कमी गेलं की शी कमी होते, आणि शीवाटे बाहेर पडायचं बिलिरुबिन आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. ते फार वाढलं तर मेंदूला इजा करतं, आणि ती इजा भरून येत नाही.

वर कुटुंबाचं 'उद्या सकाळी नक्की नेतो' यावर एकमत होत आलं होतं. खरं सांगायचं तर सिस्टरही तडजोडीच्या विचारात होती : आजचा दिवस दोन-दोन तासांनी पाजतील, उद्या सकाळी सातला निघतील.

तेवढ्यात फुलपुडी आणायच्या निमित्ताने बाळंतिणीची आई जिना उतरून आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सिस्टर, चेडू कालपासना डोळे उघडणा नाय. रात्री दोनदा उठवूक गेलंय, उठाक नाय. मी काय बोलतलंय, लेकीचा सासर ह्या."

त्या घरात बाळाकडे सर्वांत जास्त वेळ बघत बसलेली बाई तीच होती. दोन दिवस पायथ्याशी बसून तिने सगळं पाहिलं होतं. लेकीच्या सासरी आपण तोंड उघडायचं नाही, उद्या लेकीला ऐकावं लागेल, या धाकाने ती गप्प होती. सिस्टर खाली आली नसती तर ही माहिती वरच राहिली असती. उठवून न उठणारं बाळ घरी ठेवायचं नसतं. तिथे तडजोड संपली.

वर गेल्यावर सिस्टरने बाळंतिणीच्या आईचं नाव घेतलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती म्हणाली, "मी आता स्वतः दोनदा उठवलं, ती धड जागी होत नाही. डॉक्टर आजच या म्हणतात." मग तिने सासूबाईंना बाजूला घेतलं. "पूजा दिवेलागणीला आहे ना? रुग्णालय टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. तुम्हीच सोबत चला. तीन मुलं वाढवलीत तुम्ही, डॉक्टरांना सगळं तुम्हीच सांगा." बाळाच्या बाबांना फोन लावला. ते अंधेरीला कामावर होते. एका वाक्यात तयार झाले, "तुम्ही निघा, मी थेट तिकडे येतो." सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार मोफत असतो, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून तशी तरतूद आहे, हेही सांगितलं. नर्सिंग होमच्या बिलाने आधीच घर वाकलं होतं. सासूबाईंच्या 'उद्या'मागे खर्चाची धास्तीही असावी, असं सिस्टरचं मत आहे. मलाही ते पटतं.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पूजा धाकटीशिवाय थोरली करील. चला."

रुग्णालय आणि नंतरच्या भेटी

बिलिरुबिन १८.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. आई आणि बाळाच्या रक्तगटात विरोध नव्हता. कारण कमी दिवस आणि कमी दूध हेच. बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी. आईला सोबत राहू दिलं. दर दोन तासांनी काढलेलं दूध, त्याच बोंडल्याने. पाचवीचं जागरण त्या रात्री वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर झालं. दोन्ही आज्या बसल्या होत्या, आणि दर दोन तासांनी उठवायची जबाबदारी त्यांनी आपण होऊन वाटून घेतली. दोन दिवसांत बिलिरुबिन उतरलं. आठव्या दिवशी २,२९० ग्रॅमवर घरी सोडलं.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. संकट टळलं म्हणून घर सैलावलं होतं, आणि बाळ अजूनही मागत नव्हतं. सिस्टर नवव्या दिवशी गेली तेव्हा पाजण्याच्या वेळा कुणाच्याच लक्षात नव्हत्या. आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम, म्हणून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. सिस्टरने त्यांच्या हातात वही दिली. त्यांनी रेघा मारून रकाने पाडले : वेळ, छातीवर किती मिनिटं, बोंडल्याने किती, शू, शी. रात्री दोनला आणि चारला गजर लावून दारावर टकटक करायचं काम त्यांनी घेतलं, आणि तीन आठवडे एकही रकाना रिकामा राहू दिला नाही.

दुसरा नाजूक निर्णय याच टप्प्यावर होता. घरात शेक-शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, बाळगुटी, मध, काजळ, नाळेला तेल-हळद, टाळू भरणं, मालिश, सगळंच व्हायचं होतं. सगळ्याला नाही म्हटलं असतं तर सासूबाईंनी आमच्यासमोर मान डोलावून मागे सगळंच केलं असतं. सिस्टरने निवड केली. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नाही. त्या धुराने आई-बाळ दोघं गुदमरू शकतात. मध आणि गुटी नाही. मधातल्या जंतूंमुळे लहान बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. नाळेला काही लावायचं नाही, डोळ्यांत काजळ नाही, नाका-कानांत तेल नाही. काजळाची तीट तळपायाला लावली तर हरकत नाही. मालिश वजन वाढू लागल्यावर, हलक्या हाताने. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा हवं तेवढं करा. शेकाची हौस आईच्या पाठीला गरम पाण्याच्या पिशवीने भागवा. सासूबाईंनी गुटीवरून थोडी ओढाताण केली, बाकी मान्य केलं. खिडकी मात्र त्यांनी स्वतःच उघडली.

चौदाव्या दिवशी वजन २,४४० ग्रॅम, जन्मवजनाच्या उंबरठ्यावर. त्याच भेटीत बाळंतीण सिस्टरजवळ खूप रडली. माझ्यामुळे बाळाला काचेत ठेवावं लागलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. सिस्टरने वहीतले रकाने तिच्यापुढे ठेवले आणि दूध तिचंच आहे, कमी दिवसांच्या बाळाला ओढायला जमत नव्हतं एवढंच, हे समजावलं. पुढच्या दोन भेटींत झोप, भूक आणि मन यांबद्दल तिला एकटीला मुद्दाम विचारलं. एकविसाव्या दिवसापर्यंत रडं ओसरलं होतं. नसतं ओसरलं तर मानसोपचाराकडे पाठवायची तयारी ठेवली होती.

एकविसाव्या दिवशी २,६४० आणि अठ्ठाविसाव्या दिवशी २,८५०. चौथ्या आठवड्यात बाळ रात्री आपण होऊन उठून रडलं. आजोबांनी ते वहीत वेळेसकट लिहून ठेवलं आहे. त्यानंतर बोंडलं बंद करून नुसतं छातीवर आणि मागेल तेव्हा. बेचाळिसाव्या दिवशी ३,२८० ग्रॅम. सहा आठवड्यांच्या लसी हेल्थ पोस्टमध्ये झाल्या, आणि कावीळ बरीच वाढली होती म्हणून कानांची तपासणी करून घ्यायला चिठ्ठी दिली.

वेगळं काय करता येईल

सर्वांत आधी बदलायला हवं ते घरी सोडण्याच्या वेळी. सदतीस आठवड्यांआधीचं बाळ अठ्ठेचाळीस तासांत घरी जाणार असेल तर जाण्याआधी एक पाजणं कुणीतरी बघायला हवं, त्या दिवशीचं वजन कार्डावर हवं आणि दोन दिवसांनी कुठे दाखवायचं ते लिहून द्यायला हवं. या बाळाचं घरी सोडतानाचं वजन मिळालं असतं तर ते किती झपाट्याने उतरतंय हे पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. आणि 'मागेल तेव्हा' हे वाक्य या बाळांना लागू करू नये. त्यांच्यासाठी आमच्या नव्या कार्डावर आता असं छापलं आहे : 'दर दोन तासांनी उठवून पाजा. रडायची वाट बघू नका.'

आरोग्य सेविकेपर्यंत खबर बर्फीवाटे पोचली हे आमचं नशीब. पालिकेच्या हेल्थ पोस्टमध्ये सातव्या महिन्यात 'बाळंतपण कुठे, आणि नंतर राहणार कुठे' असे दोन प्रश्न विचारून दोन्ही पत्ते लिहून घेतले तर ही कडी तुटणार नाही. आमच्या भागातल्या सेविकांनी ते सुरू केलं आहे. तिसऱ्या दिवशी जाता आलं नाही तर आता आम्ही त्याच दिवशी फोन करतो आणि 'पिते का' असं विचारत नाही. बाळ स्वतःहून शेवटचं कधी उठलं, शीचा रंग कोणता, आणि किती आठवड्यांचं जन्मलं, एवढंच विचारतो.

घरातल्या प्रत्येक बाईशी थोडा वेळ एकटीशी बोलायचं, हेही या प्रकरणानंतर पक्कं केलं. बाळंतिणीची आई सासरी आलेली असेल तर तिच्याशी नक्कीच. काटा नीट धरायला मदत, पाण्याची बाटली भरून आणणं, जिन्यापर्यंत सोबत, कोणतंही निमित्त चालतं.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. काही सिस्टरचं म्हणणं, सदतीस आठवड्यांआधीच्या प्रत्येक बाळाचं बिलिरुबिन चौथ्या-पाचव्या दिवशी सरसकट तपासावं, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. बाकीच्यांना वाटतं, त्याने पाच दिवसांच्या बाळंतिणींना उगाच रुग्णालयाच्या रांगेत उभं करावं लागेल आणि कुटुंबं भेटीच नाकारू लागतील. मी पहिल्या बाजूची आहे. अंधाऱ्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, सावळ्या बाळाची कावीळ अचूक ओळखण्याचा भार एकट्या सिस्टरवर टाकणं मला योग्य वाटत नाही. त्वचेवर टेकवून कावीळ मोजणारं छोटं यंत्र भेटीला नेता आलं तर सुई टोचायची गरज पुष्कळ कमी होईल. ते महाग आहे. या वर्षीच्या खर्चाच्या प्रस्तावात एका यंत्राची मागणी घातली आहे. ते मिळेपर्यंत अशा बाळांना चौथ्या दिवशी गॅलरीत, उजेडात आणून बघायचं आणि शंका आली तर त्याच दिवशी पाठवायचं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं आहे.